उसवणबाईची उशी

उसवणबाईंना भेटायला जाताना अंगात जुना शर्ट नसलेला बरा. बोलता बोलता बाईंचा हात पुढे येतो, तुमच्या शर्टाचं दुसरं बटण चिमटीत धरतो आणि हलकेच ओढून बघतो. बटण हातात आलं तर ते तुमच्याच तळहातावर ठेवून बाई म्हणतात, "बघा, तीनच फेरे घातलेत मेल्यांनी." नाही आलं तर काहीच म्हणत नाहीत, पण चेहरा जरा पडतो.

एकतीस वर्षं बाईंनी शर्टांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली. शिवून झालेला प्रत्येक शर्ट शेवटी त्यांच्या टेबलावर यायचा. त्या कॉलर ताणायच्या, बगलेतली शिवण दोन्ही हातांनी ओढायच्या, काजात बोट घालून फिरवायच्या, आणि जरा कुठे शंका आली की टाके उसवायचा लहानसा काटा खिशातून बाहेर यायचा. शिवणाऱ्या बायका काकुळतीला येऊन म्हणायच्या, "अहो, बाहेरून दिसत नाही ते!" बाई म्हणायच्या, "म्हणूनच." सगळं मनासारखं असलं तरच शर्टाच्या खिशात एक चिठोरी जायची: तपासले – १७. सतरा हा बाईंचा नंबर. वाकड्या शिवणीचा एकही शर्ट सतराची चिठ्ठी घेऊन कारखान्याबाहेर पडला नाही, हे त्या कोणालाही सांगतात, न विचारता. उसवणबाई हे नाव तिथलंच, पाठीमागे ठेवलेलं. निरोपाच्या दिवशी कुणाच्या तरी तोंडून ते समोरच निसटलं आणि सगळ्यांनी जिभा चावल्या. बाईंना मात्र ते मनापासून आवडलं.

आता बाई सत्त्याहत्तरच्या आहेत. दोन्ही गुडघ्यांनी कधीच हात टेकले आहेत, त्यामुळे घरातल्या घरात वॉकर धरून चालणं, बाकी वेळ पलंग. घर दुसऱ्या मजल्यावर. मुलगा शहर बसचा ड्रायव्हर. सून शेजारच्या गल्लीतल्या पाळणाघरात कामाला. नात नऊ वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणतात. तपासायला शर्ट उरले नाहीत तेव्हा बाईंनी घर तपासायला घेतलं. दुधात पाणी जास्त का, सून फोनवर हळू का बोलते, मुलगा आल्या आल्या आंघोळीला का पळतो. यातलं निम्मं खरं निघायचं, त्यामुळे सवय मोडायला काही कारणच नव्हतं.

अशात जमीन हलली. एका सकाळी रॅकमधल्या कपबश्या किणकिणल्या आणि गप्प झाल्या. चार दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी टेबलावरचा पेन घरंगळून खाली पडला. नुकसान काहीच नाही, पण सगळ्या गावाच्या तोंडचं पाणी पळालं. शाळेतून भिंगरीच्या हाती एक छापील कागद आला. मुलगा, सून आणि नात तो घेऊन स्वयंपाकघरात बसली, दार लोटून. दार लोटलं म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे सांगायला बाईंना कागदाची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या खोलीतल्या वस्तू जाऊ लागल्या. आधी लाकडी कपाट गेलं. मुलाने ते बाहेरच्या खोलीत नेऊन लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला ठोकून टाकलं. मग पलंगाच्या डोक्याशी टांगलेला नवऱ्याचा फोटो उतरला. "काचेचा आहे ना, आई," सून म्हणाली. काचेचा तो गेली बावीस वर्षं होताच. मग पलंगच सरकवला, खिडकीपासून थेट पलीकडच्या भिंतीला. आता बाईंना रस्ता दिसेना. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कोणाच्या हातात काय होतं, सगळं बंद झालं. आपले डोळे काढून घेतले असंच त्यांना वाटलं.

"एवढी खिडकी तरी ठेवायची होती मला," त्या मुलाला म्हणाल्या.

"आई, तुझ्या बाबतीत आम्ही असं ठरवलंय की..."

"ठरवलंय ना? मग मला कशाला सांगतोस?"

मुलगा आधीच अबोल. त्याने तोंड उघडलं होतं ते मिटलं आणि तो कामावर गेला. खरं तर इथेच सगळं प्रकरण मिटलं असतं. पण ऐकून घ्यायचं आणि मग संशय घ्यायचा, एवढा धीर बाईंना कुठला!

त्याच संध्याकाळी पलंगाच्या पायथ्याशी एक कापडी पिशवी बांधलेली दिसली. कोणी नाही असं बघून बाईंनी ती ओढून घेतली. आत त्यांचे बंद बूट, तीन दिवसांच्या गोळ्या, टॉर्च, एक शिट्टी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद. कागदावर त्यांचं नाव, वय, रक्तगट, पत्ता आणि मुलाचा फोन नंबर. बाईंनी तो दोनदा वाचला. शर्टांच्या गठ्ठ्यावर असाच कागद लावायचे, गठ्ठा वाटेत कुठे राहिला तर कुणाचा ते कळावं म्हणून. मागे राहणाऱ्या मालालाच तो लागतो. स्वतःबरोबर नेणार असलेल्या माणसाला नाव-पत्ता कशाला बांधायचा?

मग त्यांनी कान टवकारले, आणि दोन दिवसांनी जे ऐकायचं नव्हतं ते ऐकलं. स्वयंपाकघरात सून सगळ्यांच्या जागा सांगत होती. "शाळेत असलीस तर बाकाखाली. घरात असलीस तर जेवायच्या टेबलाखाली, आणि टेबलाचा पाय सोडायचा नाही, टेबल सरकलं तर त्याच्याबरोबर सरकायचं. मी पाळणाघरात. तान्ह्यांचे पाळणे आम्ही खोलीच्या मधोमध आणून त्यांच्यावर ओणव्या होणार. चालणाऱ्यांना कासव शिकवलंय. कासव म्हटलं की सगळी खाली, डोकं आत."

"मी गाडी कडेला घेणार," मुलगा म्हणाला, "पूल आणि विजेच्या तारा सोडून. कोणाला उतरू द्यायचं नाही, थांबेपर्यंत गाडीतच."

"आणि आजी?" भिंगरीने विचारलं.

"आजीला हलवायचं नाही," सून म्हणाली. "राहू दे त्यांना तिथेच."

पुढचं बाईंना ऐकू आलं नाही. आलं असेल, पण शिरलं नाही. त्या भिंतीला धरून पलंगापर्यंत परत आल्या आणि बसून राहिल्या. जमीनच हलतेय असं त्यांना क्षणभर वाटलं.

त्याचं असं होतं, की बाई सहा वर्षांच्या असताना त्यांचं घर एकदा असंच हललं होतं. वडिलांनी दोन्ही काखांत दोन भाऊ धरले, आईने तान्हं उचललं, आणि सगळे बाहेर धावले. मोकळ्यावर येऊन डोकी मोजली तेव्हा एक कमी भरलं. वडील लगेच परत आले, तिला उचललं, छातीशी घट्ट धरलं, रडलेसुद्धा. पण तेवढ्या वेळात ती दाराच्या कडीला धरून उभी होती आणि समोरच्या भिंतीतून माती गळत होती. वडील वाईट नव्हते. त्यांना हातच दोन होते. या गोष्टीबद्दल घरात पुढे कोणी चकार शब्द काढला नाही, आणि बाईंनी ती नवऱ्यालाही कधी सांगितली नाही. पण कुठलीही गोष्ट धरताना आधी ओढून बघायची सवय तेव्हापासूनची होती, कारखान्यातली नव्हे.

बाई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हेत. मला कोणी नेणार नसेल तर माझी सोय मी बघेन, असं त्यांनी मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कोणी नसताना त्या वॉकर घेऊन जेवायच्या टेबलाजवळ गेल्या. टेबलाचे चारी पाय त्यांनी एकेक करून ओढून पाहिले. तिसरा जरा हलत होता, तो नापास. मग खुर्चीचा आधार घेत, देवाला आणि गुडघ्यांना एकदमच शिव्या देत, त्या खाली बसल्या आणि सरकत सरकत टेबलाखाली गेल्या. घड्याळ लावलं असतं तर सहा मिनिटं भरली असती. जमीन एवढा वेळ कोणासाठी थांबत नाही हे त्यांना कळत होतं, पण पोचलो याचाच त्यांना आनंद झाला. तो टिकला उठायची वेळ येईपर्यंत. पुढे तासभर त्या तिथेच होत्या.

शाळेतून आलेल्या भिंगरीने वाकून पाहिलं. "आजी, तू काय करतेयस?"

"बटण पडलंय."

"कसलं?"

"तू आधी मला उठव."

उठवायला खुर्ची, उशी, वॉकर आणि अर्धा तास लागला. शेवटी दोघीही घामाघूम होऊन पलंगावर बसल्या तेव्हा भिंगरी शहाण्यासारखी म्हणाली, "आजी, टेबल तुझ्यासाठी नाहीये. तू पलंगावरच राहायचंस. कागदात लिहिलंय तसं, ज्यांना वाकता येत नाही त्यांनी."

म्हणजे पोरीलाही पढवून ठेवलंय, बाईंनी मनात म्हटलं. कागदात लिहिलंय! कागदात काय, सतरा नंबरची चिठ्ठी सोडली तर जगातल्या कुठल्याच कागदावर त्यांचा विश्वास नव्हता.

आणि मग आली उशी. सून एका संध्याकाळी ती घेऊन आली. जाडजूड, गडद निळ्या खोळीची, आकाराने नेहमीपेक्षा मोठी. "आई, हलायला लागलं की ही डोक्यावर आणि मानेवर घ्यायची, कुशीवर वळून. हात असे, मानेमागे. उठायचं नाही. रात्रंदिवस जवळ ठेवा."

"तू शिवलीस?"

"हो."

"दिसतंयच."

टाके हे असे लांब, त्यातही एक इकडे तर एक तिकडे. सून सुईच्या बाबतीत ठार अडाणी होती, तिच्या परकराची नाडीसुद्धा बाईच ओवून द्यायच्या. बाईंनी उशी तोलून पाहिली. कापसाची एवढी जड नसते. नुसत्या स्पंजाची तर मुळीच नाही. आत काहीतरी कोंबलं होतं. फाटके टॉवेल असतील, नाही तर पाळणाघरातल्या टाकून दिलेल्या चादरी. म्हातारीच्या डोक्याला काय, काहीही चालतं! पहिल्या दिवशी त्यांनी शिवणीवरून नुसतं बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यातून आत बघायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळा लवकर सुटली होती, भिंगरी बाहेरच्या खोलीत टेबलाशी चित्र रंगवत बसली होती. बाईंनी उशाखालच्या डब्यातून आपला जुना काटा काढला आणि पहिला टाका उसवला. त्यांना इतकं बरं वाटलं की विचारू नका.

शिवण सरसर उघडत गेली. आधी स्पंजाचा थर निघाला, नवा कोरा. त्याच्याखाली लोकर होती. चार पदरी घडी घालून ठेवलेले जाड लोकरीचे तुकडे, विटकरी रंगाचे, आतून अस्तर लावलेले. बाईंनी एक तुकडा बाहेर ओढला. हा रंग ओळखीचा होता. सुनेचा थंडीतला कोट. तिच्याकडे धड असा तो एकच होता, तीन थंड्या तिने त्याच्यावर काढल्या होत्या आणि मागच्या आठवड्यात "बसमध्ये विसरले" म्हणून सांगितलं होतं. बाईंनी तेव्हाच मनात नोंद केली होती, की विसरली कसली, बहिणीला दिला असणार.

तुकड्याच्या कडेला एक बटण होतं. कापताना ते काढायचं राहून गेलं असावं. बाईंनी सवयीने चिमटीत धरून ओढलं. बटण तसूभरही हललं नाही. सात फेरे, वर गाठ. मागच्या थंडीत त्यांनीच लावलेलं.

त्या ते बटण धरून बसल्या असतानाच स्वयंपाकघरातली ताटं बोलायला लागली.

आधी ताटं, मग दारं, मग सगळी इमारतच. या वेळी ते थांबेना. पलंग खालून कोणीतरी धरून हलवावा तसा हलू लागला. वॉकर हाताशी होता, दार चार पावलांवर. बाईंचा हात वॉकरवर गेला. ऊठ, जा, मागे राहशील, असं कोणीतरी त्यांच्या आत ओरडत होतं, आणि ते कोणी सहा वर्षांचं होतं. बाहेरून भिंगरीचा आवाज आला, "आजी, उठू नकोस!" आणि लगेच, शाळेत शिकवलं होतं तसं, मोठ्याने, "एक! दोन! तीन!"

बाईंनी दुसऱ्या हातातल्या तुकड्याकडे पाहिलं. हिने स्वतःचा कोट कापलाय. माझ्या डोक्यासाठी. मग ही मला टाकून जाईल? आयुष्यात पहिल्यांदाच बाईंनी एक गोष्ट न ओढता धरली. वॉकर सोडला, कुशीवर वळल्या, स्पंज आणि कोटाचे तुकडे जसे हाती लागले तसे डोक्यावर ओढून घेतले, हात मानेमागे धरले आणि डोळे मिटून भिंगरीचे आकडे ऐकत राहिल्या. बावीसला खिडकीची काच फुटली. खळ्ळकन आवाज झाला आणि तुकडे जमिनीवर उडाले, जिथे पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत बाईंची उशी असायची बरोबर तिथे. सदतीसला सगळं थांबलं. भिंगरी मात्र साठापर्यंत मोजत राहिली, कारण तसंच शिकवलं होतं.

मग ती आली, पायात बूट घालूनच. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण पाऊल काच चुकवून नीट पडत होतं. "आजी, बूट घाल. पिशवीत आहेत. काच लागेल नाहीतर." तिने स्वतःच ते काढले आणि आजीच्या पायांत चढवले.

"तू आधी खाली पळ. जा!" बाई म्हणाल्या.

"नाही." भिंगरी पलंगावर चढून बसली आणि आजीला चिकटली. "इथेच थांबायचं. आई येणार, बाबा येणार, मग सगळे मिळून खाली. जमायची जागा आहे ना ही."

"कुठली?"

"ही. तुझा पलंग."

"हे कोणी ठरवलं?"

"आम्ही सगळ्यांनी. मी म्हटलं शाळेचं मैदान. बाबा म्हणाले, जमायची जागा अशी पाहिजे की ती जागची हलणार नाही. मग आई म्हणाली, आपल्या घरात न हलणारी एकच गोष्ट आहे." एवढ्यातही भिंगरीला हसू फुटलं. "म्हणून तर तुला हलवायचं नाही. तू भलतीकडे गेलीस तर आम्ही यायचं कुठे?"

 उसवणबाईंनी नातीच्या फ्रॉकचं बटण चिमटीत धरलं आणि तसंच धरून ठेवलं.

अर्ध्या तासाने सून आली. पाळणाघरातली सगळी मुलं मोकळ्या मैदानात पोचवून, ज्यांच्या आया आल्या ती त्यांच्या स्वाधीन करून, उरलेली दोन मुलं सोबतच्या बायकांवर सोपवून ती दोन जिने धावत चढली होती. खांद्यावर कोणाचं तरी दूध ओघळलेलं होतं. मागून वॉचमन हात असलेली खुर्ची घेऊन येत होता. ती दारात उभी राहिली आणि बोट दाखवून मोजायला लागली. "आई. तू. मी. आणि त्याचा निरोप आलाय, गाडी मोकळ्या रस्त्यावर उभी आहे, सगळे पॅसेंजर ठीक आहेत, सुटला की येतोय. चार." मग तिचं लक्ष पलंगावर गेलं. स्पंज, लोकर, लोंबणारे दोरे.

"उसवलीत?"

"उसवली."

"तीन दिवस कशा थांबलात, मला त्याचंच नवल वाटत होतं."

"बसमध्ये विसरलीस म्हणालीस."

"खरं सांगितलं असतं तर कापू दिला असतात?"

 वॉचमनने आणि सुनेने त्यांना खुर्चीत बसवलं आणि उचललं. जिन्यावरून उतरताना बाई कठड्याकडे, भिंतींकडे, वॉचमनच्या मनगटाकडे संशयाने बघत होत्या, पण हात त्यांनी सुनेच्या खांद्यावर ठेवला होता आणि तो त्यांनी शेवटच्या पायरीपर्यंत उचलला नाही.

चार दिवसांनी इंजिनियर येऊन इमारत तपासून गेला. "त्याने खांब नीट ठोकून बघितले का?" हे बाईंनी तिघांना वेगवेगळं विचारून घेतलं, तेव्हा कुठे त्या वर आल्या. खिडकीला नवी काच बसली. पलंग पलीकडच्या भिंतीलाच राहिला. त्या संध्याकाळी सून सुई-दोरा घेऊन पलंगाशी आली. "आई, उशी तुम्हीच शिवून टाका आता. माझे टाके तुम्हाला बघवत नाहीत."

"तूच शीव," बाई म्हणाल्या. "मी बसते."

सून शिवत राहिली. टाके तसेच, लांब आणि वाकडेतिकडे. दोनदा बाईंचा हात पुढे गेला आणि दोनदा त्यांनी तो मांडीवर परत ठेवला. कडेला बोटभर जागा उरली तेव्हा त्यांनी डबा उघडला, तळातून एक पिवळी पडलेली चिठोरी काढली आणि लोकरीच्या घडीत सरकवली. सुनेने ती वाचली. तपासले – १७. तिने हातातल्या शिवणीकडे पाहिलं.

"आई, हे शेवटचे चार टाके फारच तिरके गेलेत. उसवू?"

"नको," उसवणबाई म्हणाल्या. "राहू दे तिथेच."